भूकंप आधी सांगणारं अ‍ॅप: वर्गणी भरण्याआधी हे वाचा

आकाशातले बदल टिपून भूकंपाचा इशारा आधीच देतो, असा या अ‍ॅपचा दावा आहे. माझ्या आतेभावाने वर्षाची वर्गणी भरून ते आत्याच्या फोनवर टाकलं. आत्या सास्तूरची. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात तिचं माळवदाचं घर पडलं. आता ती सोलापुरात विजापूर रोडला मुलाकडे असते.

अ‍ॅपमधला नकाशा खरंच छान आहे. जीपीएसचे सिग्नल आयनांबरातून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून, येताना जितके रखडतात, त्यावरून तिथल्या इलेक्ट्रॉनांची दाटी काढतात. ती इथे रंगांत दिसते. भूकंपाआधी ही दाटी बदलत असावी, ही कल्पनाही थोतांड नाही. याच शोधासाठी फ्रान्सने २००४ मध्ये डेमेटर आणि चीनने २०१८ मध्ये झांगहेंग-१ उपग्रह सोडला. जपानच्या २०११ च्या भूकंपाआधी साधारण ४० मिनिटं ही दाटी वाढली होती, असं तिथल्या एका संशोधकाने मांडलं. इतरांनी त्यावर आक्षेप घेतले आणि तो वाद मिटलेला नाही.

अ‍ॅपमध्ये या वादाचा उल्लेखही नाही. थेट लाल पट्टी येते: ‘तुमच्या भागात धोका’. अहो, विषुववृत्ताजवळच्या आपल्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबर एरवीही अस्थिर होतं! १० मे २०२४ ला मोठं सौर वादळ आलं, तेव्हाही पट्टी लाल झाली. आत्या रात्रभर पायरीवर बसून राहिली, नातवंडांनाही आत झोपू देईना. कारण सूर्यावर होतं, जमिनीत काहीच नव्हतं. कंपनीला कळवलं तर ‘सावध राहिलेलं बरं’ एवढंच उत्तर आलं. याचा मला फार संताप आहे. किल्लारी भोगलेल्या माणसाला असं घाबरवू नये.

त्यापेक्षा अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमधला भूकंपाचा इशारा चालू करा. भारतात तो २०२३ पासून आहे, फुकट आहे. तो भाकीत करत नाही; जमीन हलू लागली की पहिल्या लाटा ओळखून पुढच्या गावांना कळवतो. किल्लारी इथून सरळ रेषेत ऐंशी-नव्वद किलोमीटर. जोराच्या लाटांना सोलापूर गाठायला वीस-पंचवीस सेकंद लागतात. त्यातले थोडे जरी हाती लागले, तरी आत्याला टेबलाखाली घेता येईल.

अ‍ॅप बनवणाऱ्यांना एकच विनंती: ‘धोका’ हा शब्द काढा, आणि पट्टी लाल झाली की सौर वादळ चालू आहे का, ते तिथेच मराठीत लिहा. तोवर एक तारा, तो नकाशासाठी.