स्वसंरक्षणासाठी कुस्ती: काही महिन्यांच्या सरावानंतर

स्वसंरक्षण शिकायचं म्हणून मॅटवर उतरलो. फ्रीस्टाइल आणि ग्रीको-रोमन, कुस्तीच्या या दोन्ही प्रकारांचा सराव सुरू आहे. अधूनमधून ब्राझिलियन जिउ-जित्सूवाल्यांशीही (जमिनीवर गळा आवळून किंवा सांधे पिळून हार मानायला लावणारा प्रकार) झटतो. ‘कुस्ती हा खेळ, खऱ्या झटापटीत तिचा काय उपयोग?’ असं विचारणाऱ्यांसाठी हा अनुभव.

उपयोग आहे, आणि सगळ्यात जास्त खडाखडीचा, म्हणजे उभ्याने पकडीसाठी चालणाऱ्या झटापटीचा. ग्रीको-रोमनमध्ये कमरेखाली धरता येत नाही, डावात पायही वापरता येत नाहीत, म्हणून बरेच जण तिला अव्यवहार्य ठरवतात. मला ती सर्वांत कामाची वाटली. अंगावर येणारा माणूस बहुतेक वेळा कॉलर, मनगट नाहीतर मान धरतो. अशा वेळी त्याच्या काखेतून हात वर घालायचा, खांदा छातीला भिडवायचा, कपाळ जबड्याखाली रोवायचं. ठोसा मारायला त्याला फारशी जागा उरत नाही. ज्या काखेत हात आहे त्याच बाजूने पाठीमागे सरकता येतं. मग धरून ठेवायचं की ढकलून निघून जायचं, हे आपण ठरवतो. आणि हे सगळं पूर्ण ताकदीने विरोध करणाऱ्या जोडीदारावर घोटलेलं असतं. नुसते डाव पाठ करून ही सवय लागत नाही.

फ्रीस्टाइलचा पट, म्हणजे पाय धरून पाडण्याचा डाव, मॅटवर जबरदस्त. पण गुडघा टेकवून खोल घुसायचं ते मऊ मॅटवर. काँक्रीटवर गुडघा फुटेल. शिवाय डोकं समोरच्याच्या काखेत अडकलं तर गळ्याला विळखा बसलाच म्हणून समजा. त्यामुळे पट काढण्यापेक्षा पटाचा बचाव मोलाचा: पाय झटक्यात मागे फेकायचे, कंबर खाली दाबायची आणि सगळा भार त्याच्या खांद्यांवर टाकायचा.

खरी अडचण जमिनीवर येते. कुस्तीत पाठ मॅटकडे वळली की गुण जातात, दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपली. म्हणून पैलवान पडला की पालथा होतो. जिउ-जित्सूवाला याचीच वाट बघत असतो: पाठीवर चढतो, पायांनी कंबर जखडतो आणि हनुवटीखालून हात सरकवतो. वर असणं म्हणजे जिंकणं, हेही खरं नाही. १९९४ च्या यूएफसी ४ (वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांची स्पर्धा) च्या अंतिम लढतीत कसलेला पैलवान डॅन सेव्हर्न जवळजवळ पूर्ण वेळ जिउ-जित्सूवाल्या रॉयस ग्रेसीच्या वर होता. पंधरा मिनिटं उलटल्यावर ग्रेसीने खालूनच पायांच्या त्रिकोणात त्याची मान आवळली.

चाकू किंवा एकापेक्षा जास्त माणसं असतील, तर कुस्ती करायला थांबूच नये. एरवी मात्र उभं राहण्याची आणि पडल्यास पटकन उठण्याची ताकद कुस्ती देते. फक्त तिच्यासोबत गळा वाचवायला आणि पाठीवर पडून लढायला वेगळं शिका. मी सध्या तेच करतोय.