मिक्स फुलकंदांचं पाकीट: यवतमाळकडच्या उन्हात एक हंगाम

दोन स्टार देतेय, तेही ग्लॅडिओलसच्या जिवावर.

गेल्या दिवाळीआधी ऑनलाइन मागवलेल्या या पाकिटात ट्यूलिप, डॅफोडिल, पेपरव्हाइट नर्गिस आणि ग्लॅडिओलस होते. कंद टणक, बुरशी कुठंच नाही. राग आहे तो मागच्या सूचनेचा: 'ऑक्टोबरमध्ये लावा, वसंतात फुलं घ्या.' आमच्याकडं ऑक्टोबर म्हणजे सोयाबीन काढणीचं ऊन. त्यात कंद पुरणं म्हणजे हुरडा भाजणं. दिवाळी होऊ द्यावी, पहाटे शेकोट्या दिसू लागल्या की लावावे. काळी जमीन पाणी धरते आणि कंद सडतो, म्हणून मी वाफा उंच करून त्यात रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळलं.

ग्लॅडिओलसला थंडीचे लाड लागत नाहीत. लावल्यापासून अडीच-तीन महिन्यांत दांडे येतात. वाऱ्यानं लवंडतात, त्यांना तुऱ्हाट्यांचा आधार पुरतो. पानांवर चंदेरी चट्टे दिसले तर फुलकिडे समजा. कपाशीवाल्यांना त्यांची वेगळी ओळख करून द्यायला नको. खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की दांडा कापायचा, वरच्या कळ्या घरात पाण्यात उमलतात. कापताना चार पानं मात्र झाडाला राहू द्या. जुन्या कंदाच्या डोक्यावर जो नवा कंद धरतो, तो त्या पानांवरच पोसतो. पानं पिवळी पडल्यावर मी सगळे कंद काढले, सावलीत वाळवले आणि कांद्याच्या जाळीच्या थैलीत टांगले. सोबत बारीक पिल्लंही भरपूर निघाली.

पेपरव्हाइटलाही थंडी लागत नाही. पांढरे घोस छान आले, पण वास इतका उग्र की सासूबाईंनी पहिल्याच दिवशी फुलदाणी ओसरीवर काढली.

ट्यूलिपचं मात्र आमच्याकडं जमत नाही. त्याला ९ अंशांखाली १२ ते १६ आठवडे थंडी हवी. आमची जानेवारीतली पहाट गार असते, दुपार नाही. फ्रिजमध्ये ठेवून ही थंडी देता येते. फळं तेवढी दूर ठेवायची, पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं कंदातली कळी मरते. मी तेही पाळलं, पण भारनियमनात फ्रिज किती गार राहणार! कळ्या मातीलगतच उघडल्या आणि फेब्रुवारीच्या उन्हात दोन दिवसांत गळाल्या. डॅफोडिलनं नुसती पानं दिली.

आणखी एक, जे पाकिटावर छापायलाच हवं होतं: डॅफोडिल आणि नर्गिसचे कंद विषारी असतात, आणि दिसतात थेट कांद्यासारखे. कांद्याच्या टोपलीजवळ चुकूनही ठेवू नका. माझ्या थैलीत फक्त ग्लॅडिओलस आहेत, तरी चिठ्ठी बांधली आहे.

यंदा मिक्स पाकीट नाही. थैलीतले कंद आणि थोडे सुटे ग्लॅडिओलस, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतरानं लावीन, म्हणजे सगळे दांडे एकदम येणार नाहीत.