एनव्हीडीएमधील जर्मन ब्रेल आणि कॅपिटल अक्षरे : वापरानंतरचा अभिप्राय

विंडोज संगणकावर चालणारा एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर आवाजात किंवा ब्रेलमध्ये देणारी प्रणाली, मराठी दृष्टिहीन वाचकांना नवा नाही. मायकेल करन यांनी २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू केलेल्या या प्रकल्पावर माझे मराठी आणि इंग्रजी काम अनेक वर्षांपासून विनातक्रार चालू आहे. प्रस्तुत अभिप्राय मात्र त्याच्या एका लहानशा भागापुरता आहे. जर्मन मजकूर ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे ठिपके वरखाली करून मजकूर बोटाखाली देणाऱ्या यंत्रावर, वाचताना कॅपिटल अक्षरे बोटाला कशी लागतात, ती लागावीत म्हणून काय करावे लागते आणि नव्याने भाषा शिकणाऱ्याला त्याचा कितपत उपयोग होतो, एवढाच येथे विषय आहे. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या खेड्यात राहून माझी भाची पुण्याच्या एका शिक्षिकेकडे ऑनलाइन जर्मन शिकते. ती आणि मी दोघेही पूर्णतः दृष्टिहीन असल्यामुळे संगणकाची जुळवाजुळव माझ्याकडे आणि जर्मनची मेहनत तिच्याकडे, अशी आमची वाटणी आहे. डिस्प्ले म्हणून आम्ही ऑर्बिट रीडर २० हे वीस घरांचे यंत्र वापरतो; एका घरात ब्रेलचे एक चिन्ह मावते. महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाविषयी करार झाल्यापासून जर्मन भाषेची चर्चा आमच्या आठवडी बाजारापर्यंत पोचली आहे, परंतु त्या चर्चेत ब्रेलचा उल्लेख अद्याप माझ्या कानावर आलेला नाही.

भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलवर वाढलेल्या वाचकाची अडचण आधी सांगितली पाहिजे. ब्रेलच्या घरातील सहा ठिपके एक ते सहा अशा क्रमांकांनी ओळखले जातात. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, त्यामुळे मराठी ब्रेलमध्ये त्याचे चिन्हही नाही. इंग्रजी ब्रेल शिकताना शब्दाआधी येणारा एकटा सहावा ठिपका म्हणजे कॅपिटल, हे आपण पाठ करतो. तोच सहावा ठिपका मराठीत विसर्ग असतो. जर्मन ब्रेलमध्ये मात्र एका कॅपिटल अक्षरासाठी चार-सहा हे ठिपके आणि सलग कॅपिटल अक्षरांच्या गटासाठी चार-पाच हे ठिपके वापरतात, आणि एकटा सहावा ठिपका नेमका उलट, म्हणजे येथून लहान अक्षर सुरू होते, असे सांगतो. इंग्रजीची सवय झालेले बोट येथे हमखास चकते. दुसऱ्या बाजूने पाहिले तर मराठी वाचकाला काही सोयीही आयत्या मिळतात. जर्मनमधील ए, ओ आणि यू या अक्षरांवर दोन टिंबे आली की त्यांची ब्रेल रूपे अनुक्रमे आपल्या आ, औ आणि ऊ यांचीच असतात, आणि दुहेरी एस दाखवणारे जर्मनचे खास अक्षर म्हणजे ठिपक्यांच्या हिशेबाने आपला ध होय. भाचीने ही चार अक्षरे एका बैठकीत आत्मसात केली. कॅपिटल अक्षरांनी मात्र तिला बरेच अडवले, आणि त्याचे कारण तिच्यात नव्हे, तर एनव्हीडीएच्या मांडणीत होते.

एनव्हीडीए ब्रेलचे रूपांतर लिब्लुई या मुक्त स्रोत प्रणालीच्या तक्त्यांवरून करतो. सेटिंग्जच्या ब्रेल विभागात आउटपुट टेबल, म्हणजे हा तक्ता, निवडण्याची जी यादी आहे, तिच्यात जर्मनसाठी ग्रेड शून्य, ग्रेड एक आणि ग्रेड दोन असे पर्याय मिळतात. जर्मन परंपरेत यांनाच अनुक्रमे बाझिसश्रिफ्ट, फोलश्रिफ्ट आणि कुर्झश्रिफ्ट म्हणतात. पहिल्यात एकेक अक्षर सुटे, दुसऱ्यात एयू, ईआय, आयई, सीएच, एसटी यांसारख्या आठ अक्षरगटांना एकेक घर, आणि तिसऱ्यात शब्दांचे भरपूर संक्षेप असतात. कोणीही साहजिकच ग्रेड शून्य निवडेल, तसा आम्हीही निवडला. वर्ग सुरू झाला आणि शिक्षिका फळ्यावरच्या वाक्यातील कॅपिटल अक्षरे सांगू लागल्या, तेव्हा भाची म्हणाली, “मामा, मॅडम म्हणते का इथं कॅपिटल हाय, पण बोटाले तं काहीच लागत नाही.”

बोटाला काही लागत नव्हते, कारण त्या तक्त्यात कॅपिटलचे चिन्ह येतच नाही, आणि तसे ते न येणे हा दोषही नाही. जर्मनमध्ये वाक्याचा पहिला शब्दच नव्हे, तर प्रत्येक नाम कॅपिटल अक्षराने सुरू होते. प्रत्येक नामाआधी एकेक घर खर्च केले तर कागदावरची पुस्तके जाड होतात आणि वाचनाचा वेग मंदावतो, म्हणून जर्मन ब्रेलमध्ये कॅपिटल सर्वसाधारणपणे न दाखवण्याचीच रीत रुळली आहे. ज्याची मातृभाषा जर्मन आहे, त्याला नाम कोणते हे चिन्हाविना कळते. शिकणाऱ्याला ते कळत नाही, आणि निबंध किंवा पत्र लिहिताना कॅपिटल चुकले तर ते शुद्धलेखनाची चूक म्हणून गणले जाते.

उपाय त्याच यादीत आहे. प्रत्येक जर्मन ग्रेडच्या नावाखाली आणखी एक नोंद येते, जिच्या शेवटी ‘डिटेल्ड’ हा शब्द जोडलेला असतो. तो तक्ता निवडला की कॅपिटलची चिन्हे आणि परभाषांतील अक्षरांवरचे स्वरचिन्हांचे बारकावे ब्रेलमध्ये उमटू लागतात. एवढ्या महत्त्वाच्या फरकासाठी एवढे मुके नाव का ठेवले असावे, हे मला कळलेले नाही. यादी ऐकत खाली जाणाऱ्या माणसाला ‘डिटेल्ड’ म्हणजे कॅपिटलसहित असा अर्थ स्वप्नातही सुचणार नाही. नावातच कॅपिटलचा उल्लेख केला असता, तर आमचा आणि शिक्षिकेचाही पुष्कळ वेळ वाचला असता.

या चिन्हांनी जागा किती जाते, हे वीस घरांच्या डिस्प्लेवर नीट कळते. भाचीच्या वहीतील ‘डेर बाउअर फेरकाउफ्ट डी बाउमवोले आउफ डेम मार्क्ट’, म्हणजे शेतकरी बाजारात कापूस विकतो, हे वाक्य घेऊ. साध्या ग्रेड शून्यमध्ये मोकळ्या जागा आणि पूर्णविराम धरून ते ४७ घरांत बसते. डिटेल्ड तक्त्यात पहिला शब्द आणि शेतकरी, कापूस, बाजार ही तीन नामे मिळून चार चिन्हे वाढतात आणि संख्या ५१ होते. दोन्ही वेळा वाक्य डिस्प्लेच्या तीन ओळींतच मावते, मात्र डिटेल्ड तक्त्यात पहिले तीन शब्द बरोबर विसाव्या घरापाशी संपतात आणि बोटाला शेवटी एकही रिकामे घर उरत नाही. आता हेच वाक्य ग्रेड एकच्या डिटेल्ड तक्त्यात वाचले तर अक्षरगटांच्या पाच जोड्या एकेका घरात जातात आणि कॅपिटलसहित एकूण ४६ घरे लागतात. म्हणजे कॅपिटल दाखवूनही मजकूर साध्या ग्रेड शून्यपेक्षा एका घराने लहानच राहतो. जागेचा आक्षेप घेणाऱ्यांनी हा हिशेब जरूर करून पाहावा. माझ्या मते सुरुवातीचे धडे ग्रेड शून्य डिटेल्डमध्ये आणि शब्दांचे वर्णलेखन हाताला बसले की पुढचे वाचन ग्रेड एक डिटेल्डमध्ये, हा क्रम शिकणाऱ्याला सर्वांत सोयीचा आहे.

आवाजावर विसंबून हे काम का होत नाही, असा प्रश्न येऊ शकतो. एनव्हीडीएच्या वाणी विभागात कॅपिटल अक्षराला स्वराची पट्टी चढवण्याची सोय आहे आणि ती मुळातच तीस टक्क्यांवर ठेवलेली असते. शिवाय अक्षराआधी ‘कॅप’ असे म्हणवून घेता येते किंवा बीप वाजवता येते. परंतु या सोयी एकेक अक्षर बाणाच्या कळीने चाचपडताना किंवा शब्दाचे वर्ण म्हणवून घेताना उपयोगी पडतात. सलग वाक्य ऐकताना त्यांचा काही उपयोग नसतो. जर्मनमध्ये ‘इष म्योष्टे झी फ्रागेन’ या वाक्यातील झी कॅपिटलने लिहिला तर ‘मला तुम्हाला विचारायचे आहे’ असा आदरार्थी अर्थ होतो, आणि लहान अक्षराने लिहिला तर ‘मला तिला’ किंवा ‘त्यांना’ विचारायचे आहे, असा. उच्चार दोन्हींचा अगदी एकच आहे. कान कितीही तयार असला तरी हा फरक त्याला मिळणार नाही, आणि साध्या ब्रेल तक्त्यात तो बोटालाही मिळत नाही. डिटेल्ड तक्त्यात झीच्या आधी चार-सहा ठिपके लागले की संपूर्ण वाक्याचा रोख तेथेच स्पष्ट होतो. औपचारिक पत्र लिहिण्याचा धडा आला तेव्हा या एका चिन्हाने जेवढे काम केले, तेवढे व्याकरणाच्या तासानेही केले नव्हते.

तिसरा मार्ग आठ ठिपक्यांच्या जर्मन संगणकीय ब्रेलचा आहे. त्यात कॅपिटलसाठी वेगळे घर लागत नाही, कारण अक्षराच्याच घरात खालचा सातवा ठिपका उठतो. वरील वाक्य त्यात ४७ घरांतच राहते. ई-मेल पत्ते आणि पासवर्ड यांच्यासाठी हा तक्ता उत्तम आहे. सलग वाचनासाठी मात्र मी तो सुचवणार नाही. सहा ठिपक्यांवर सरावलेले बोट घराच्या वरच्या भागावरून सरकते आणि तळाचा सातवा ठिपका सहज निसटतो. शिवाय त्यात आकडे लिहिण्याची पद्धत निराळी आहे. एक या अंकासाठी एक-सहा, दोनसाठी एक-दोन-सहा असे ठिपके येतात, आणि हीच रूपे ग्रेड एकमध्ये एयू आणि ईयू या अक्षरगटांची असतात. दोन्ही पद्धती एकाच वेळी शिकणाऱ्याचा गोंधळ झाल्यावाचून राहत नाही.

आणखी दोन बाबतींत हा स्क्रीन रीडर थोडा त्रास देतो. पहिली बाब देवनागरीची आहे. जर्मन तक्ता चालू असताना मराठी मजकूर समोर आला, तर अक्षरांच्या जागी संकेतांकांची लांबलचक रांग येते आणि वीस घरांत त्यातून एक शब्दही हाती लागत नाही. भाचीच्या वहीत डावीकडे जर्मन शब्द आणि उजवीकडे मराठी अर्थ असल्याने ही अडचण रोजचीच होती. यावर कॉन्फिगरेशन प्रोफाइलचा, म्हणजे सेटिंग्जचा वेगळा संच साठवून ठेवण्याचा, मार्ग चांगला चालतो. नेहमीच्या मांडणीत मराठी ग्रेड एकचा तक्ता ठेवून जर्मनसाठी हाताने चालू करण्याचे स्वतंत्र प्रोफाइल तयार केले आणि इनपुट जेश्चर्समधून त्याला कळांची एक जोडी नेमून दिली, की तक्ता क्षणात बदलतो. तरीही एकाच ओळीत दोन्ही लिप्या आल्या तर एकीचा त्याग करावाच लागतो. दुसरी बाब कर्सरची आहे. कर्सरखालचा शब्द संगणकीय ब्रेलमध्ये उलगडून दाखवण्याचा एक पर्याय ब्रेल विभागात आहे. तो चालू असला तर ग्रेड एकमधील शब्द कर्सर त्याच्यावर आला की वेगळ्या रूपात आणि कर्सर पुढे गेला की वेगळ्या रूपात लागतो. अनुभवी माणसाला ही सोय वाटते, नवशिक्याला मात्र शब्दाची दोन स्पेलिंगे असल्याचा भास होतो. शिकत असेपर्यंत तो पर्याय बंद ठेवावा, हे बरे.

कौतुकाची गोष्ट म्हणजे टूल्स मेनूतील ब्रेल व्ह्यूअर. डिस्प्लेवर जे ठिपके उठतात तेच ही खिडकी पडद्यावर दाखवते, आणि डिस्प्ले जोडलेला नसला तरीही ती उघडते. पुण्याच्या शिक्षिकेला ब्रेल येत नाही, तरी पडदा सामायिक केल्यावर भाचीच्या बोटाखाली कॅपिटलचे चिन्ह आले की नाही, हे त्यांना पाहता येते. ज्यांना अद्याप डिस्प्ले घेणे परवडत नाही, त्यांच्या डोळस शिक्षकांनी किमान तक्त्यांतील फरक समजून घेण्यासाठी ही खिडकी उघडून पाहावी.

यंत्राविषयी थोडक्यात सांगायचे तर ऑर्बिटची घरे एकदम न बदलता डावीकडून उजवीकडे क्रमाने आणि आवाज करीत बदलतात. जलद वाचणाऱ्याला ते खटकते, अक्षर लावत वाचणाऱ्याला तेवढे खटकत नाही. दिवसा भारनियमन असले तरी लॅपटॉपच्या आणि यंत्राच्या बॅटरीवर वर्ग निभावतो. अडते ते इंटरनेटवर, कारण वीज गेली की गावातील मोबाइल टॉवरही मान टाकतो. मे महिन्यात बोटांना घाम सुटतो, त्यामुळे शेजारी कोरडे फडके ठेवावे लागते, आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत घरभर उडणारा भुसा ठिपक्यांच्या छिद्रांत शिरू नये म्हणून काम संपताच यंत्र झाकून ठेवणे आवश्यक आहे.

जॉज या सशुल्क स्क्रीन रीडरशी तुलना येथे केलेली नाही, कारण तो विकत घेण्याची आमची ऐपत नाही आणि एनव्हीडीएने हे काम भागते. पाचपैकी चार गुण मी त्याला निःसंकोच देईन. उरलेला एक गुण तक्त्यांच्या नावांसाठी आणि मिश्र लिपीच्या ओळींसाठी राखून ठेवला आहे. ज्यांचे जर्मन पक्के झाले आहे आणि ज्यांना केवळ वाचनाचा वेग हवा आहे, त्यांनी साधा तक्ताच वापरावा. भाची सध्या ग्रेड एक डिटेल्डवर आहे, आणि परीक्षेतील पत्रलेखन संपेपर्यंत तो तक्ता बदलण्याचा तिचा विचार नाही.