बीएस-६ पिकअपसाठी इंजिन ऑइल : साडेअकरा महिने आणि ३७,००० किलोमीटरनंतरचा अनुभव

आमच्या घरी शेतमालाच्या वाहतुकीसाठी दोन पिकअप आहेत. एक २०१७ सालची, बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी निकष) इंजिनाची. दुसरी २०२२ च्या दिवाळीत घेतलेली, बीएस-६ इंजिनाची. दोन्ही पिंपळगाव बसवंतच्या परिसरात चालतात. टोमॅटो, कांदा आणि भाजीपाला घेऊन रात्री कसारा घाट उतरून वाशीच्या बाजार समितीत जाणे, म्हणजे एका बाजूने सुमारे २०० किलोमीटर, हे त्यांचे मुख्य काम. द्राक्षांच्या हंगामात मात्र नवी गाडी तीन-साडेतीन महिने गावातच अडकते, कारण बागेपासून पॅकहाऊसपर्यंतच्या सहा ते आठ किलोमीटरच्या फेऱ्या दिवसभर चालू असतात. ऑइलची पुढची सगळी हकीकत या दोन प्रकारच्या कामांतील फरकाभोवती फिरते, म्हणून हे आधी सांगितले.

नव्या गाडीची पहिली सर्व्हिसिंग कंपनीच्या केंद्रात झाली. त्यानंतर वेळ वाचावा म्हणून आम्ही ती आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली आणि जुन्या गाडीत पडणारे १५डब्ल्यू-४० ऑइलच, तेही बॅरलमधले सुटे, नवीत भरून घेतले. "डिझेलची गाडी, लोडिंगचे काम, जाड ऑइलच पाहिजे," हे मिस्त्रींचे मत होते आणि माझेही त्याहून वेगळे नव्हते. महिनाभरात डॅशबोर्डवर डीपीएफचा, म्हणजे धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला. सर्व्हिस केंद्रात संगणक जोडून फिल्टर जाळून साफ करून घेतला. त्या हंगामात हा प्रकार तीन वेळा झाला आणि हंगाम संपताच आपोआप थांबला. पुढच्या ऑक्टोबरमध्ये ऑइल बदलण्याची वेळ आली, तेव्हा गाडीबरोबर मिळालेले हँडबुक मी पहिल्यांदा नीट वाचले. वास्तविक ते पहिल्याच दिवशी वाचायला हवे होते; पण आपल्याकडे ते ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीसकट सुरक्षित ठेवण्याची प्रथा आहे.

हँडबुकात ५डब्ल्यू-३० ही ग्रेड आणि एसीईए (युरोपीय वाहन उत्पादकांची संघटना) हिचा सी३ हा ऑइलचा दर्जा असे स्पष्ट लिहिले होते. त्यानुसार ४१,००० किलोमीटरवर ऑइल बदलले आणि तेव्हापासून ७८,००० पर्यंत त्याच दर्जाचे ऑइल वापरले. चार वेळा भरलेल्या ऑइलपैकी पहिली दोन एका कंपनीची आणि पुढची दोन दुसऱ्या कंपनीची होती. मला दोहोंत काही फरक जाणवला नाही, त्यामुळे कंपन्यांची नावे देण्याचे कारण उरत नाही. डब्याच्या पाठीमागची बारीक अक्षरे समोरच्या मोठ्या नावापेक्षा जास्त महत्त्वाची असतात, असे माझे ठाम मत झाले आहे.

आकड्यांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण गॅरेजमधील सगळा वाद त्यांच्यावरूनच होतो. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो. १५डब्ल्यू दर्जाच्या ऑइलची क्रँकिंगची, म्हणजे थंड इंजिन स्टार्टरने फिरवता येण्याची, चाचणी उणे २० अंश सेल्सिअसला घेतली जाते आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना. निफाडच्या थंडीचे वृत्तपत्रांत दरवर्षी कौतुक होते, पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, हे खरे. पण ऑइलच्या दृष्टीने ती थंडी किरकोळ आहे. म्हणजे केवळ हवामानाचा विचार केला तर आमच्या भागात १५डब्ल्यू पुरेसे आहे. पहाटे गाडी सुरू केल्यावर ऑइलच्या दाबाचा दिवा आता किंचित लवकर विझतो असे गाडी चालवणाऱ्या काकांचे निरीक्षण आहे, आणि पातळ ऑइल वरपर्यंत लवकर पोचते हे लक्षात घेता ते बरोबरही असेल. तेवढ्यासाठी मी जास्तीचे पैसे मोजले नसते.

नंतरचा आकडा, म्हणजे ३० किंवा ४०, हा गरम इंजिनातील जाडी सांगतो आणि काकांची खरी भीती तिथे होती. कसारा घाट चढताना, त्यात परतीचे भाडे मिळून गाडी भरलेली असेल तर, पातळ ऑइल तग धरणार नाही असे त्यांना वाटत होते. ही भीती अगदीच निराधार नाही. साध्या ३० ग्रेडच्या ऑइलसाठी १५० अंश तापमानाला आणि मोठ्या ताणाखाली किमान चिकटपणा २.९ मिलिपास्कल-सेकंद (चिकटपणाचे एकक) इतकाच मागितलेला आहे, तर १५डब्ल्यू-४० साठी तो ३.७ आहे. मात्र सी३ ही वेगळी अट आहे. ग्रेड ३० असली तरी त्या परिस्थितीत चिकटपणा किमान ३.५ असलाच पाहिजे, असे ती सांगते. बेअरिंगमध्ये प्रत्यक्ष भार पेलणारा ऑइलचा थर याच गुणावर अवलंबून असतो. तिथे ३.५ आणि ३.७ यांच्यात अंतर ते किती! बोटांच्या चिमटीत घेऊन चोळलेले थंड ऑइल यातले काहीही सांगू शकत नाही. तरीही ती परीक्षा प्रत्येक गॅरेजमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने घेतली जाते.

हँडबुकाने सी३ मागण्याचे मुख्य कारण जाडीशी नव्हे, तर राखेशी निगडित आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले, डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आले आणि धुरातील काजळी अडवण्यासाठी गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ हा फिल्टर आला. त्यात साठलेली काजळी सुमारे ६०० अंशांना जळून जाते. ऑइलमधील कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्त यांच्या संयुगांपासून तयार होणारी राख मात्र जळत नाही. इंजिन थोडेथोडे ऑइल जाळतच असते, आणि त्या ऑइलची राख फिल्टरच्या सूक्ष्म वाटांत कायमची बसते. सी३ मध्ये या राखेची कमाल मर्यादा ०.८ टक्के आहे. अमेरिकेतील एपीआय या संस्थेच्या सीजे-४ आणि २०१६ च्या अखेरीस आलेल्या सीके-४ दर्जांत ती १ टक्का आहे. त्याआधीचा सीआय-४ दर्जा डीपीएफ डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलाच नाही, त्यामुळे त्यात अशी मर्यादा नाही. आमच्या गॅरेजमधील बॅरलवर सीआय-४ प्लस लिहिलेले होते. जुन्या बीएस-४ गाडीसाठी ते उत्तमच आहे. नवीत ते पडायला नको होते.

माझी चूक सुधारली, आता दिवा लागणार नाही, अशा समजुतीत मी होतो. फेब्रुवारीत द्राक्षांचे काम जोरात असताना दिवा पुन्हा लागला! प्रथम मला ऑइलच बनावट असल्याचा संशय आला. नंतर लक्षात आले की मी दोन वेगळ्या गोष्टी एकात मिसळल्या होत्या. राख साठण्याचे नुकसान फार सावकाश होते आणि ते लाख-दीड लाख किलोमीटरनंतर समोर येते. महिन्याभरात दिवा लागतो तो काजळीमुळे, आणि काजळी जळत नव्हती ती आमच्या छोट्या फेऱ्यांमुळे. सात किलोमीटरच्या फेरीत एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, आणि तापून फिल्टर जाळण्याची क्रिया सुरू झालीच तर पॅकहाऊसच्या फाटकाशी इंजिन बंद होऊन ती अर्धवट राहते. त्यानंतर आम्ही एक नियम केला. हंगामात आठवड्यातून एकदा, काम संपल्यावर, गाडी महामार्गाने चांदवडच्या दिशेने २५-३० किलोमीटर सलग वेगात नेऊन परत आणायची. डिझेल वाया जाते म्हणून घरात कुरकुर झाली, पण त्यानंतर दिवा लागला नाही. थोडक्यात, दिव्याचा प्रश्न ऑइलने सुटला नाही, आणि ज्यांना केवळ त्यासाठी महाग ऑइल घ्यायचे आहे त्यांनी आधी आपल्या फेऱ्या मोजाव्यात.

त्याच हंगामात घडलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. काका मोठ्या अभिमानाने सांगत होते की हे नवे ऑइल गाडी अजिबात खात नाही, पातळी जशीच्या तशी आहे. मार्चच्या अखेरीस मी स्वतः डिपस्टिक काढून पाहिली, तर पातळी वरच्या खुणेच्याही बोटभर वर होती. ऑइल आपोआप वाढत नाही. डिपस्टिकला डिझेलचा वास येत होता. फिल्टर जाळण्यासाठी इंजिन सिलिंडरमध्ये उशिरा थोडे जादा डिझेल सोडते, ते एक्झॉस्टमध्ये जाऊन तापमान वाढवते. पण त्यातला काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांमधून खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळतो. जाळण्याची क्रिया वारंवार सुरू होऊन वारंवार तुटली की हे मिश्रण वाढत जाते, आणि डिझेल पेट्रोलसारखे सहज उडूनही जात नाही. असे ऑइल ३० ग्रेडचे राहत नाही. शिवाय पातळी फार वाढली तर ते ब्रीदरमधून (इंजिनातील वायू बाहेर काढणाऱ्या नळीतून) हवेच्या मार्गात ओढले जाऊन इंजिन स्वतःच्याच ऑइलवर बेफाम धावण्याचा धोका असतो.

खात्रीसाठी मी जुना उपाय केला. फिल्टर पेपरवर ऑइलचा एक थेंब सोडून तो सपाट जागी रात्रभर ठेवला. मधला काळा ठिपका काजळीचा असतो आणि त्याभोवती फिकट, पारदर्शक कडे पसरले तर ते इंधनाचे लक्षण मानतात. आमच्या कागदावर ते कडे ठळक होते. शेजारी जुन्या गाडीच्या ऑइलचा थेंब ठेवला होता. तो जास्त काळा होता, पण कडे जवळजवळ नव्हते. ऑइल काळे झाले म्हणजे खराब झाले, हा समज यावरून तरी सोडायला हवा. काजळी तरंगत धरून ठेवणे हे डिझेल इंजिनाच्या ऑइलचे कामच आहे, आणि ते काळे होते म्हणजे ते काम करत आहे. ७,००० किलोमीटर झालेले ते ऑइल मी त्याच दिवशी काढले. आधीचे आणि नंतरचे ऑइल, ज्या काळात गाडी प्रामुख्याने वाशीच्या वाटेवर होती, १०,००० किलोमीटर चालूनही पातळीत आणि वासात ठीक होते.

ॲव्हरेजबद्दल मोठी अपेक्षा ठेवू नये. टाकी पूर्ण भरून केलेल्या नोंदींत लिटरमागे १३.१ किलोमीटरवरून १३.४ असा फरक दिसला, पण टोमॅटोचे क्रेट कमी-जास्त झाले तरी इतका फरक पडतो. सकाळच्या वेळी इंजिनाचा आवाज थोडा बारीक, कोरडा वाटतो. गरम झाल्यावर तो फरक राहत नाही.

खर्चाचा हिशेब असा. आमच्या गाडीला फिल्टरसह सुमारे ६ लिटर ऑइल लागते. १५डब्ल्यू-४० लिटरला ३७० रुपयांच्या आसपास मिळत होते, सी३ साठी मी ६५० रुपयांच्या आसपास दिले. एका वेळेस १,६८० रुपये जास्त, म्हणजे १०,००० किलोमीटरला विभागले तर किलोमीटरमागे १७ पैसे. नव्या डीपीएफची मला सांगितलेली किंमत सहा आकडी होती. हा हिशेब मिस्त्रींसमोर मांडला तेव्हा त्यांनी वाद थांबवला, परंतु "ऑइल पातळच आहे" हे मत बदलले नाही.

बॅरलमधले सुटे ऑइल मी आता जुन्या गाडीलाही घेत नाही. त्यात काय आहे हे बॅरलच्या मालकालाच ठाऊक असते. सीलबंद डबा घेतानाही झाकणाचे सील, तळाशी छापलेला बॅच क्रमांक आणि लेबलवरचा क्रमांक जुळतात का हे पाहतो, आणि रिकामा डबा भोक पाडून, लेबल फाडूनच भंगारात देतो. एका भंगारवाल्याने झाकणासकट धड डब्याला जास्त पैसे देऊ केले होते. ते डबे पुढे कुठे भरले जात असतील याचा अंदाज बांधायला फार डोके लागत नाही. काढलेले ऑइल गटारात किंवा बांधावर न ओतता गॅरेजमार्फत जुने ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे जाते, एवढे मी पाहतो.

खरेदीच्या वेळी आणखी एका ठिकाणी फसगत होऊ शकते. सीके-४ बरोबरच एफए-४ हाही दर्जा आला, आणि तोही ३० ग्रेडचा असतो. तो जास्त पातळ असून ठरावीक इंजिनांसाठीच आहे. सीके-४ प्रमाणे तो जुन्या दर्जांच्या जागी चालत नाही. केवळ नवे आणि महाग म्हणून तो डबा उचलू नये.

जुन्या पिकअपमध्ये १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस तसेच चालू आहे. तिला डीपीएफ नाही, राखेची चिंता नाही आणि दोन लाख किलोमीटर झालेल्या त्या इंजिनात महाग ऑइल भरण्याचे कारणही नाही. दोन डब्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून नव्या गाडीच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने 'सी३' लिहून ठेवले आहे. काका आता दर सोमवारी सकाळी, गाडी सपाट जागी उभी असताना आणि इंजिन सुरू करण्याआधी, डिपस्टिकवरची पातळी डिझेलच्या वहीत लिहितात. ती खाली गेली की नाही यापेक्षा वर गेली का, हे आधी पाहायचे असे ठरले आहे. सध्या भरलेले ऑइल येत्या आठवड्यात निघेल. त्यानंतरचे डिसेंबरअखेरीस, किलोमीटर कितीही झालेले असोत, द्राक्षांच्या पहिल्या फेरीआधी बदलायचे आणि हंगामातले ७,००० च्या पुढे न्यायचे नाही.