कालव्याला पाणी देणारे पाट बघायचेत? वेल्समधलं लँगॉलेन की फ्रान्समधला मिदी

इंग्लंडमध्ये किंवा युरोपात राहणारे बरेच जण सुट्टीत कालव्यावर जातात, बोट, लॉक (म्हणजे बोट वरखाली करणारी दारांची कोठी), पूल सगळं बघतात, पण ह्या कालव्यात पाणी येतं कुठून हे सहसा कुणी बघत नाही. आपल्याकडचा कालवा धरणातून निघतो आणि उतारानं शेताकडे जातो, विषय संपला. बोटींचा कालवा मात्र एका बाजूनं चढ चढतो आणि दुसऱ्या बाजूनं उतरतो, आणि दर वेळी लॉक उघडलं की वरचं पाणी खाली गेलंच, म्हणून सगळ्यात उंच टोकाला सतत पाणी आणून सोडावं लागतं. ते आणणारे पाट बघण्यासाठी दोन जागा भारी आहेत, आणि सुट्टी एकच असेल तर कुठली घ्यायची ते सांगतो.

आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर डोळे मिटून लँगॉलेन. डी नदीवर टेलफर्ड ह्या इंजिनिअरनं घातलेला अर्धवर्तुळाकार बंधारा आहे, हॉर्सशू फॉल्स म्हणतात, सुमारे १४० मीटर लांब. १८०८ पासून तिथून पाणी पाटात वळतं. गावातल्या धक्क्यापासून तिथपर्यंत साधारण तीन किलोमीटर, रस्ता सपाट. पाट इतका अरुंद की समोरून दुसरी बोट आली तर पंचाईत, म्हणून गावाच्या वरच्या भागात घोड्यानं ओढायच्या बोटी चालतात. काठावर उभं राहून एखादं पान पाण्यात टाकून बघा, ते चक्क वाहत जातं, कालव्याचं पाणी साचलेलं असतं ही समजूत तिथंच मोडते. हेच पाणी पुढे १८०५ च्या पाँटकिसिल्टे पुलावरून, ३८ मीटर उंचीवरून, लोखंडी पन्हळीतून नदी ओलांडतं आणि शेवटी हर्लस्टनच्या तलावात पोचतं, तिथून लोकांच्या नळाला. १९४४ च्या कायद्यानं हा कालवा बोटींसाठी बंदच केला होता, पण पिण्याचं पाणी त्यातून जात होतं म्हणून बुजवला नाही! एका दिवसात सगळं होतं, रुआबन स्टेशनवरून बस मिळते.

फ्रान्समधल्या मिदी कालव्याचं प्रकरण वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतं. अटलांटिक आणि भूमध्य समुद्र जोडायचा तर मधल्या नोरूझच्या खिंडीत, सुमारे १९० मीटर उंचीवर, पाणी हवं, आणि तिथं नदीच नाही. हा कालवा बांधणारा रिके मीठकराचा वसुलीदार, इंजिनिअर नव्हे, त्यानं मोंतान्य नुआर डोंगरातले ओढे गोळा करायचं ठरवलं. पाट डोंगराच्या कडेकडेनं समपातळीत जातो, ओढा आडवा आला की त्याचं पाणी आत घ्यायचं आणि पुढे जायचं. अल्झोच्या ओढ्यापाशी जिथं हे सुरू होतं तिथं राखणदाराचं घर आजही आहे, म्हणजे आपला पाटकरी समजा. पुढे ले कामाझ गावापाशी वोबाँ ह्या लष्करी इंजिनिअरनं १२० मीटरचा बोगदा काढून हे पाणी सें-फेरेओलच्या धरणात सोडलं. धरणाचं बांधकाम १६६७ मध्ये सुरू झालेलं. त्याखालून दुसरा पाट, सपाटीचा, नोरूझला जातो आणि तिथं पाणी दोन्हीकडे वाटलं जातं. १६८१ मध्ये कालवा सुरू झाला, रिके त्याच्या आदल्याच वर्षी गेला.

अडचण एकच, गाडी हवीच. टूलूझहून धरणाजवळचं रेव्हेल गाव तासाभरावर, पण डोंगर, धरण आणि नोरूझ एका दिवसात उरकायला गेलात तर नुसती पळापळ होते, दोन दिवस ठेवा. डोंगरातल्या पाटाकाठची वाट झाडीतली, सावलीची, चढ जवळपास नाहीच, कारण पाणीच इतक्या हळू उतरतं. सें-फेरेओलला पोहायला जागा आहे आणि म्युझियम पण आहे. उन्हाळा संपताना धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं, तेव्हा फोटोसाठी वसंत ऋतू बरा.

वेळ एकच दिवस असेल तर लँगॉलेन. पण इंजिनिअर असाल, किंवा शेतात पाट धरायचं काम कधी केलं असेल, तर मिदीला जा आणि वरून खाली बघा, म्हणजे अल्झोपासून सुरुवात करून नोरूझला संपवा, उलट केलंत तर पाणी कुठून आलं हे शेवटपर्यंत डोक्यात बसत नाही.