कंपाउंडच्या भिंतीवरचं शेवाळ: चुना बरा की अ‍ॅक्रिलिक?

सातारा जिल्ह्यात या प्रश्नाला सरसकट एक उत्तर देता येत नाही. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, माण-खटावला जेमतेम ५००. कोरड्या माणमधल्या दहिवडीच्या भिंतीला जे पुरतं ते पावसाळी मेढ्यात एका पावसाळ्यात हिरवं होतं. म्हणून दुकानात शेडकार्ड चाळण्याआधी आपली भिंत पाहून घ्या.

भिंतीवरून तळहात जोरात फिरवा. हात पांढरा झाला तर खाली चुना किंवा जुना सिमेंट पेंट आहे. अशा भुकटी सुटणाऱ्या थरावर अ‍ॅक्रिलिक रंग धरत नाही. पापुद्रे सुटतात, त्यांच्यामागे पाणी साठतं आणि शेवाळ आणखी फोफावतं. अ‍ॅक्रिलिकच हवा असेल तर तो थर वायर ब्रशने खरवडायचा, भिंत धुऊन वाळवायची, मग प्राइमर. ही मजुरी हिशेबात धरा, कारण रंगाच्या भावाची तुलना करताना नेमकी तीच विसरली जाते. उलट बाजूही तशीच: ऑइल पेंटच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या गुळगुळीत भिंतीत चुना मुरत नाही, नुसता झडतो.

ताज्या चुन्याचा सामू (pH) १२ च्या आसपास असतो आणि इतक्या अल्कधर्मी थरावर शेवाळ तग धरत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट होत जातं आणि हा जोर ओसरतो. म्हणून दरवर्षी नवा हात मारावाच लागतो. जुने रंगारी चुन्यात थोडा मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा निळा क्षार) घालतात, त्याला आधार आहे. तासगावकडच्या द्राक्षबागांत बुरशीवर फवारतात ते बोर्डो मिश्रणही मोरचूद आणि चुन्याचंच, आणि तांबं शेवाळालाही मारतं. मोरचूद प्लास्टिकच्या बादलीतच भिजवा, लोखंड आणि पत्रा तो खातो. ओघळ विहिरीत किंवा माशांच्या हौदात जात असेल तर तो घालूच नका, मासे मरतात.

सिमेंट पेंट मी सुचवणार नाही. स्वस्त आहे, पण लावल्यावर त्यावर पाणी मारत राहावं लागतं आणि तेवढी काळजी क्वचितच घेतली जाते. शिवाय त्याच्या खरखरीत अंगावर धूळ आणि ओल दोन्ही टिकतात.

शेवाळरोधक अ‍ॅक्रिलिक दोन तऱ्हांनी काम करतो: पाऊस आत मुरू देत नाही, आणि त्यातलं रसायन थोडं थोडं झिरपत शेवाळ रोखतं. ते रसायन संपतं. रंग शाबूत दिसला तरी आतलं संरक्षण गेलेलं असू शकतं, म्हणून डब्यावरची हमी रंग टिकण्याची आहे की शेवाळाची, ते नीट वाचा. प्लास्टर नवं असेल तर निदान २८ दिवस थांबा.

माझं मत विचाराल तर दहिवडी-वडूजकडे चुना पुरे. सातारा शहर, मेढा, पाटण इथे अ‍ॅक्रिलिकच, पण आधी गवंडी बोलवा, मग रंगारी. भिंतीचा माथा सपाट असेल तर पाणी तिथूनच मुरतं आणि तोंडावरून ओघळतं. त्या ओघळांच्या काळ्या-हिरव्या रेघा तुम्ही पाहिल्याच असतील. माथ्यावर एका बाजूला उतार देऊन कोपिंग, म्हणजे माथा झाकणारा थर, करा. ते भिंतीच्या बाहेर दोन बोटं काढा आणि खालच्या अंगाला बारीक खाच ठेवा, म्हणजे थेंब भिंतीला न चिकटता खाली पडतो. पायथ्याशी चढलेली माती काढा, जास्वंद-मेंदीच्या फांद्या भिंतीपासून हातभर मागे छाटा. एवढं न करता महागातला डबा आणलात तर पैसे वाया गेले समजा.

आहे ते शेवाळ आधी मारलंच पाहिजे, त्यावर रंग फासून ते झाकलं जात नाही. ब्लीचिंग पावडरचं पाणी लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. रोपं झाका, आणि लोखंडी ग्रिलला ते पाणी लागू देऊ नका, गंज धरतो. ब्लीचिंगमध्ये अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

दिवाळीआधी रंग उरकायची आपल्याकडे घाई असते, पण तेव्हा भिंत आतून ओलीच असते आणि रंगाला फुगे येतात. गणपतीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे उत्तरेकडच्या तोंडाला मार्चपर्यंत थेट ऊनही मिळत नाही. दिवाळीला नुसती धुऊन घ्या आणि रंग होळीनंतर, वळीव सुरू व्हायच्या आत द्या.