एका दिवसाची मोहीम की दर दोन महिन्यांची पिशवी?

वस्तीतल्या भुकेल्या घरांसाठी काही करायचं ठरलं की बहुतेक गटांना पहिली कल्पना एकच सुचते. एक सुट्टीचा दिवस धरायचा, टेबल मांडायचं आणि लोकांना धान्य, डबे, तेल घेऊन बोलवायचं. मार्ग चांगला आहे, पण एवढाच मार्ग आहे असं नाही. दर दोन महिन्यांनी दारातून भरलेली पिशवी उचलता येते, पैसे जमवून घाऊक खरेदी करता येते, रस्त्याकडेला कपाट उभं करून ‘हवं ते न्या, जमेल ते ठेवा’ असंही म्हणता येतं. आमचा कौल आधीच सांगतो. दहा माणसं वर्षभर टिकतील अशी खात्री असेल तर पिशवी. खात्री नसेल तर एका दिवसाची मोहीम, पण वर्षातला दिवस नीट निवडून. पैशांची जोड दोन्हींना हवीच.

आधी भांडार बघून या

पद्धत निवडण्याआधी ज्या फूड बँकेला (म्हणजे दानात आलेलं अन्न साठवून गरजूंपर्यंत पोचवणाऱ्या संस्थेला) किंवा वाटप केंद्राला अन्न द्यायचं आहे तिथल्या भांडारात एक चक्कर मारा. कोणत्या तीन-चार वस्तू सतत संपतात, एका वेळी किती किलो ठेवायला जागा आहे, माल कोणत्या वारी उतरवून घेतात, मुदत संपायला किमान किती दिवस उरलेले हवेत, हे विचारा. आणि एक प्रश्न सगळेच विसरतात: घेणाऱ्या घरांत शेगडी आणि फ्रिज आहे का? जो माणूस निवाऱ्यात किंवा एका भाड्याच्या खोलीत राहतो, त्याच्या हातात पाच किलो कोरडं धान्य म्हणजे नुसतं ओझं. त्याला हाताने उघडणारा, न शिजवता खाता येईल असा डबा हवा असतो.

या उत्तरांतून पाच वस्तूंची यादी बनवा. पंचवीस वस्तूंची यादी कुणी वाचत नाही. मग प्रत्येक जण घरात पडून असलेलं आणून देतो.

एका दिवसाची मोहीम

हिची ताकद म्हणजे एका दमात मिळणारं प्रमाण आणि ओळख. तयारीला चार ते सहा आठवडे पुरतात, माणसं एका दिवसापुरती लागतात, नवख्या गटाला आपली कुवत कळते. तोटाही तिथेच आहे. माल एकदम येतो, भुकेला मात्र रोज दोन वेळा अन्न लागतं. सणासुदीच्या दिवसांत सगळेच गट एकाच वेळी गोळा करतात, तेव्हा भांडारात पाय ठेवायला जागा नसते. पुढच्या तीन-चार महिन्यांत त्याच फळ्या रिकाम्या होतात.

म्हणून तारीख हा या पद्धतीचा कणा. अमेरिकेत टपाल वाटणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेने १९९३ मध्ये देशभर सुरू केलेलं संकलन मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असतं. हिवाळी सणांत आलेला साठा तोवर उतरलेला असतो आणि शाळांची लांब सुट्टी तोंडावर आलेली असते. शाळेत मिळणारं जेवण बंद झालं की घरातल्या पातेल्यावर मुलामागे दिवसाचं एक जेवण वाढतं. तुमच्याकडे शाळांची लांब सुट्टी कधी लागते ते बघा आणि तिच्या दोन-तीन आठवडे आधीचा दिवस धरा.

बिघडतं कुठे? बहुतेक वेळा दुपारनंतर. सकाळच्या उत्साहात आलेले स्वयंसेवक एकदीड वाजता घरी जातात आणि खरं काम, म्हणजे तपासणी आणि चढ-उतार, तेव्हाच सुरू होतं. दोन पाळ्या आधीच ठरवा आणि दुसऱ्या पाळीत जास्त माणसं ठेवा. वाहन किती वाजता येणार हे एकाच माणसाच्या हाती द्या. मुख्य म्हणजे, माल त्याच संध्याकाळी भांडारात पोचला पाहिजे. ‘उद्या बघू’ म्हणून कुणाच्या गॅरेजमध्ये ठेवलेल्या खोक्यांपर्यंत आधी उंदीर पोचतात.

दर दोन महिन्यांची पिशवी

जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात पहिली फूड बँक उभी केली, तेव्हा कल्पना बँकेचीच होती: ज्याच्याकडे आहे त्याने ठेव ठेवावी, ज्याला गरज आहे त्याने काढावी. बँक ठेवींवर चालते आणि ठेव नियमित हवी. ऑरेगन राज्यातल्या अ‍ॅशलंड गावात २००९ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाने हा नियमितपणा साध्या हिरव्या पिशवीत बसवला. दाता आठवड्याच्या खरेदीत एखादी टिकाऊ वस्तू जास्त घेतो आणि पिशवीत टाकतो. ठरलेल्या शनिवारी ती दाराबाहेर ठेवतो. शेजारचाच स्वयंसेवक भरलेली पिशवी उचलतो आणि रिकामी ठेवून जातो. ती रिकामी पिशवी हीच पुढच्या फेरीची आठवण. या पद्धतीचं सगळं यश या अदलाबदलीत आहे, म्हणून प्रत्येक घरामागे दोन पिशव्या लागतात. इथे काटकसर करून एकच पिशवी दिलीत तर तिसऱ्या फेरीला निम्मी दारं रिकामी दिसतील.

रचना साधी ठेवा. एका स्वयंसेवकाकडे पंधरा ते वीस घरं, तीही चालत जाता येतील अशी. वीसच्या वर गेलात की सकाळच्या दोन तासांत फेरी संपत नाही. दर आठ-दहा स्वयंसेवकांमागे एक समन्वयक. त्याने स्वतः फेरी करायची नाही. आजारी पडलेल्याची जागा भरणं हेच त्याचं काम. आठवडाभर आधी एक निरोप, आदल्या संध्याकाळी दुसरा. तिसरा पाठवू नका, लोक चिडतात.

आता गणित. दहा स्वयंसेवक आणि प्रत्येकी वीस घरं म्हणजे दोनशे घरं. दर फेरीला एकतृतीयांश घरं देणार नाहीत असं धरूनच चाला. उरलेली सुमारे १३३ घरं सरासरी चार किलो देतील असं मानलं तर एका फेरीचे ५३० किलो आणि वर्षाच्या सहा फेऱ्यांचे जवळपास ३,२०० किलो. अमेरिकेतल्या फूड बँका १.२ पौंड, म्हणजे साधारण ५४५ ग्रॅम अन्नाला एक जेवण मोजतात. त्या मापाने एका फेरीत साडेनऊशेच्या वर जेवणं झाली. हे माप दात्यांना सांगायला सोयीचं आहे, पण त्यावर नियोजन करू नका. एक किलो फळांचा रस आणि एक किलो तेल काट्यावर सारखेच दिसतात. पोटात गेल्यावर त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

ही पद्धत पहिल्या फेरीत फसत नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीत फसते, आणि कारण जवळपास नेहमी स्वयंसेवकच असतो, दाता क्वचित. एखादा स्वयंसेवक घर बदलतो, कुणाला सांगत नाही, त्याच्या वीस दारांवर पिशव्या तशाच लटकत राहतात. एकदा न उचललेली पिशवी दात्याने परत भरावी यासाठी वर्षभर समजूत काढावी लागते. प्रत्येक गल्लीसाठी बदली माणूस पहिल्याच दिवशी नेमा आणि घरांची यादी दोघांकडेही ठेवा. पिशवी सकाळीच बाहेर ठेवायला सांगा, आदल्या रात्री नको. पाऊस आणि भटकी जनावरं दोन्ही टळतात. उंच इमारतीत पिशव्या तळमजल्यावर एकत्र ठेवायला लावू नका. कुणाची पिशवी कुठली ते कळत नाही आणि जबाबदारीही कुणाची राहत नाही.

तपासणी दोन्हींकडे सारखीच

माल उतरला की आधी वजन, मग तपासणी, मग वर्गवारी. क्रम उलटला तर टाकाऊ माल वर्गवारीत शिरतो आणि पुन्हा सगळं उपसावं लागतं. फुगलेला, गळणारा किंवा कडेच्या शिवणीवर चेपलेला डबा सरळ बाद. मधल्या भागात हलका पोचा असेल तर चालतो. घरी भरलेल्या बरण्या घेऊ नका. त्या नीट निर्जंतुक झाल्या आहेत का हे बाहेरून कळत नाही आणि बोटुलिझमचा, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या अन्नविषबाधेचा, धोका चवीने किंवा वासाने ओळखता येत नाही. लेबल नसलेलं काहीही नको, कारण घेणाऱ्याला कशाची अ‍ॅलर्जी आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

तारखांबाबत गोंधळ फार होतो. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ म्हणजे त्यानंतर चव किंवा कुरकुरीतपणा उतरेल. ‘या तारखेपर्यंत वापरा’ म्हणजे त्यानंतर खायचं नाही. पहिल्या प्रकारचा माल मुदतीनंतर घ्यायचा की नाही हे तिथला कायदा आणि केंद्राचा नियम ठरवतात. बाळाच्या दुधाची पावडर मात्र मुदत उलटल्यावर कुणालाही द्यायची नाही.

खोकं बारा किलोच्या वर भरू नका. पाठीची दुखणी इथूनच सुरू होतात. केळ्यांची खोकी फूड बँकांची आवडती, मजबूत आणि हाताला धरायला भोकं असलेली, पण तळाची फट पुठ्ठ्याने झाका. साबण आणि धुण्याची पावडर वेगळ्या खोक्यात, नाहीतर धान्याला वास लागतो. खोकी जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर उंच आणि भिंतीपासून सुटी ठेवा, म्हणजे मागे झाडता येतं आणि किडीची चाहूल लागते. ज्याची मुदत आधी संपते ते पुढे.

पैसे, आणि कपाट

वस्तू गोळा करणाऱ्या गटांना पैसे मागायला संकोच वाटतो. तो सोडा. दाता किरकोळ भावाने एक पाकीट घेतो. केंद्र त्याच पैशात घाऊक दराने जास्त आणतं, आणि जे पिशवीत कधीच पुरेसं येत नाही तेच आणतं: तेल, प्रथिनांचे पदार्थ, ताजी भाजी. वर तपासणीचे तास वाचतात. मग सगळं पैशांवरच का नाही? कारण पिशवी उचलायला आलेला शेजारी वर्षातून सहा वेळा दारात दिसतो, आणि ज्याच्या स्वतःच्या घरात चणचण आहे तो याच दारात हळू आवाजात विचारतो. पैशांच्या व्यवहारात ही भेट होत नाही. प्रत्येक रकमेची पावती, खात्यावर दोघांच्या सह्या आणि दर फेरीला हिशेब जाहीर, एवढं पाळलं तर शंका उरत नाही.

कपाटाची पद्धत अमेरिकेतल्या फेयेटविलमध्ये २०१६ मध्ये सुरू झालेल्या छोट्या कपाटामुळे पसरली. नाव नाही, अर्ज नाही, रात्री बारालाही घेता येतं. मानाने घेता येणं हा तिचा मोठा गुण आहे, कारण रांगेत उभं राहायची लाज वाटणारी माणसं फार असतात. पण कपाट तासाभरात रिकामं होतं, उन्हात तापतं, ओलं होतं. रोज एकदा बघणारे सात जण, प्रत्येकाचा एक वार, असे नसतील तर कपाट उभारू नका. फक्त कोरडा, बंद पाकिटातला माल ठेवा.

शिजवलेलं उरलेलं अन्न नव्या गटाने हाती घेऊ नये. ते ६० अंश सेल्सियसच्या वर किंवा ५ अंशांच्या खाली राखावं लागतं, मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. थर्मामीटर, बंदिस्त वाहन आणि तयार वाटप केंद्र तिन्ही असतील तरच त्याकडे वळा.

तुमच्यासाठी कुठलं?

पाच-सहा माणसं आणि एक गाडी असेल तर शाळांच्या सुट्टीआधी एक दिवसाची मोहीम करा, आणि टेबलाशेजारी पिशवीसाठी नाव नोंदवायचा कागद ठेवा. त्यावर चाळीस घरं आली तर दोन गल्ल्यांपासून पिशवी सुरू करता येईल. दहा माणसं आधीच असतील तर थेट पिशवीकडे जा, पण पहिल्या दोन फेऱ्या शंभर घरांतच करा. केंद्राकडे जागा कमी असेल तर वस्तूंऐवजी पैशांवर भर द्या. आणि पहिल्या फेरीची तारीख ठरवताना दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीची तारीखही त्याच पिशवीवर छापून टाका.